गाडीच्या काचांना फिल्म: कोटेशनमधला आकडा कुठून येतो

एकाच गाडीसाठी दोन दुकानांत भाव विचारला की आकड्यांत कित्येक पटींचा फरक निघतो. बहुतेक वेळा दोन्ही भाव आपापल्या जागी बरोबर असतात, कारण दुकानदार दोन वेगळ्या वस्तू विकत असतात. गिऱ्हाईक मात्र दोन्हीकडे एकच विचारतं: किती काळी होईल? काळेपणाला फारसे पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते काच स्वच्छ ठेवून ऊन अडवायला, आणि फिल्म नीट बसवणाऱ्या हाताला.

आधी कायदा पाहा, कारण कुठल्या काचेला काय लावायचं हे तिथेच ठरतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वेगळी फिल्म चिकटवण्यालाच मनाई केली. पुढे नियम बदलला आणि १ एप्रिल २०२१ पासून आतून प्लॅस्टिकचा थर असलेली काच मानकात बसली. त्या आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये मर्यादेतली फिल्म चालेल असा निकाल दिला. पण रस्त्यावर गाडी अडवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असेलच असं नाही. फिल्मचं प्रमाणपत्र आणि बिल गाडीतच ठेवा.

किती टक्के प्रकाश आत येतो हा हिशेब बेरजेचा नाही, गुणाकाराचा आहे. कंपनीची कोरी काचही पूर्ण पारदर्शक नसते. ती ७५ टक्के प्रकाश सोडत असेल आणि तिच्यावर ७० ची, म्हणजे ७० टक्के प्रकाश सोडणारी, फिल्म लावली, तर ५२.५ टक्के उरतात, बाजूला चालतं. ५० ची लावली तर ३७.५, दंड ठरलेला. पुढची काच ७८ ची असली तर ९० ची फिल्म लावून जेमतेम ७०.२ भरतात, आणि काच ७५ ची असली तर तेवढेही भरत नाहीत. म्हणून भाव विचारण्याआधी कोऱ्या काचेचं प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर रीडिंग घ्यायला लावा. बऱ्याच गाड्यांत पुढची-मागची काच सोडून देणंच शहाणपणाचं ठरतं, आणि तिथे मोठा खर्च वाचतो.

आता फिल्म. सगळ्यात स्वस्त ती रंगवलेली. उन्हाने तिचा रंग तुटतो आणि ती जांभळी पडते. धातूचा थर असलेली फिल्म ऊन बरं अडवते, पण जीपीएस, रेडिओ आणि फास्टॅगच्या सिग्नललाही आडवी येऊ शकते. कार्बनच्या फिल्मचा रंग टिकतो, ती मधल्या भावाची. सिरॅमिक सगळ्यात महाग, कारण ती फार काळी न होता उष्णतेची किरणं अडवते, आणि ५० टक्क्यांच्या मर्यादेत राहायचं तर नेमकं तेच लागतं. या फिल्म आयात होतात तशा आपल्याकडेही बनतात. गरवारे यांचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आहे.

दुकानात लाल दिव्यासमोर हात धरायला लावतात. तो दिवा मुख्यतः इन्फ्रारेड किरणंच फेकतो, त्यामुळे ‘९५ टक्के उष्णता अडते’ असं वाटतं. सूर्याच्या ऊर्जेत इन्फ्रारेड साधारण निम्मीच असते. तेव्हा आयआर रिजेक्शनचा, म्हणजे इन्फ्रारेड किती अडते त्याचा, आकडा बाजूला ठेवा आणि टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती अडते, तो विचारा. दोन फिल्मची तुलना त्याच आकड्यावर करा.

मापही समजून घ्या. मोठ्या रोलची रुंदी ६० इंच, म्हणजे १५२ सेंटिमीटर असते. समजा दाराची काच कडेच्या मार्जिनसह १०० बाय ५० सेंटिमीटर आहे. मग एक मीटर रोलमधून तीन तुकडे निघतात आणि चौथ्यासाठी नवा मीटर उघडावा लागतो. उरलेल्यातून छोटी तिकोनी काच भागवता येते. मागची काच सगळ्यात जास्त वाया घालवते. फिल्म हीटगनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, आकसते ती रोलच्या लांबीच्या दिशेने, म्हणून ती दिशा काचेवर उभी यावी लागते. माल वाचवायला आडवी लावली तर वरच्या-खालच्या कडेच्या चुण्या बसत नाहीत आणि पुढे तिथूनच फिल्म सुटते.

मजुरीत सगळ्यात मोठा फरक पाडते ती जुनी फिल्म. ती काढणं आणि गोंद साफ करणं हे वेगळं काम आहे, त्याचा दर आधीच लिहून घ्या. मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, तारा असतील तर ब्लेड अजिबात नको. वाफ आणि साबणाच्या पाण्याने गोंद मऊ करून काढावा, कारण एकदा तुटलेली तार घासून परत येत नाही. पुढच्या काचेला हात लावायचा असेल तर फास्टॅग निघतो, आणि काढलेला टॅग परत चालत नाही. नव्याचे पैसे धरा. आरशामागे कॅमेरा असेल तर तेवढी जागा मोकळी ठेवायला सांगा. डॅशबोर्डवर आणि दारातल्या बटणांवर टॉवेल अंथरला का, तेही पाहा. ओघळणारं पाणी स्विचमध्ये गेलं तर फिल्मपेक्षा जास्त खर्च येतो.

फिल्म काचेवरच ब्लेडने कापतात की प्लॉटरवर, म्हणजे मापाप्रमाणे आधीच कापणाऱ्या यंत्रावर, हे विचारा. प्लॉटरला थोडे जास्त पडतात, पण रबर आणि काच दोन्ही वाचतात.

बिलावर फिल्मचं पूर्ण नाव, बॅच नंबर, गाडीचा नंबर आणि जीएसटी हवा. नुसतं ‘सिरॅमिक फिल्म’ लिहिलेल्या बिलावर वॉरंटी मागता येत नाही. वॉरंटीत मजुरी धरली आहे का, हेही तिथेच लिहून घ्या.

काम झाल्यावर तीन-चार दिवस काच खाली करू नका, पावसाळ्यात आठवडाभर. दुधासारखे दिसणारे पाण्याचे डाग काही आठवड्यांत आपोआप सुकतात. बोटाला टोचणारा ठिपका म्हणजे आत अडकलेली धूळ, ती जात नाही. म्हणून पैसे देण्याआधी गाडी उन्हात काढा, आत बसून दारं लावा, प्रत्येक काचेची कड डोळ्यांसमोर घेऊन बघा आणि मीटरचं अंतिम रीडिंग बिलावर लिहून घ्या.