एक वायरचा ऑक्सिजन सेन्सर गेला? हीटरवाला बसवा

ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो, आणि त्यावरून इंजिनला किती पेट्रोल द्यायचं ते ठरतं. जुन्या पेट्रोल गाडीतला एक वायरचा सेन्सर फक्त सायलेन्सरच्या उष्णतेवर तापतो. ३०० अंशांच्या वर गेल्याशिवाय तो नीट रीडिंग देत नाही. सात रस्ता चौकातल्या सिग्नलला थांबलं की पुन्हा गार, आणि गाडी पेट्रोल पिते. (इथे सोलापूरचा मे महिनाही कामाला येत नाही!) तो तसाही बदलायचाच असेल, तर चार वायरचा, म्हणजे आत स्वतःचा हीटर असलेला, घ्या.

१. इंजिन कोमट असतानाच २२ च्या पान्याने जुना काढा. पार गार झालं की आटे धरून बसतात. नवाही झिर्कोनियाचाच (म्हणजे त्या सिरॅमिकचाच) हवा. आटे बहुधा १८ मिमी, १.५ पिचचे (दोन आट्यांतलं अंतर) असतात, तरी जुळवून बघा.

२. बहुतेक सेन्सरांत काळी वायर सिग्नलची, करडी सिग्नलच्या अर्थिंगची, दोन पांढऱ्या हीटरच्या. काळी जुन्या वायरला, करडी इंजिन ब्लॉकला.

३. पांढऱ्यांपैकी कुठलीही एक बॉडीला अर्थ करा. दुसरीला बॅटरीचा करंट १० अँपिअर फ्यूज आणि वेगळ्या रिलेमधून (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) द्या. रिलेला इशारा पेट्रोल पंपाच्या लाइनवरून. थेट बॅटरीला जोडलात तर सकाळी गाडी ढकलावी लागेल.

आमच्या अक्कलकोट रोडच्या इलेक्ट्रिशियनने लगेच सोल्डरिंग गन उचलली, त्याला थांबवलं. हा सेन्सर बाहेरची हवा वायरच्या तारांमधूनच आत घेतो. सोल्डरने ती वाट बुजते. जोड दाबून बसवायच्या क्रिंप कनेक्टरनेच करा.