स्पेक्ट्रमचा मृत पडदा आणि उणे पाच व्होल्ट

१९८२ सालचा ४८ के (किलोबाइट) स्मृतीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा सिंक्लेअर कंपनीचा घरगुती संगणक माझ्याकडे आला तेव्हा टीव्हीवर केवळ उभे पट्टे दिसत होते. अशा वेळी सरसकट सगळे आयसी बदलण्याचा मोह होतो. मला तो उतावळेपणा वाटतो. या यंत्रातील खालच्या १६ के स्मृतीच्या ४११६ जातीच्या आठ चिपांना तीन वेगवेगळे विद्युतदाब (व्होल्टेज) लागतात, म्हणून आधी मल्टिमीटर घेतला. चिपेच्या नवव्या पायावर (पिनवर) पाच व्होल्ट व्यवस्थित मिळाले, परंतु आठव्यावर बारा आणि पहिल्यावर उणे पाच यांचा पत्ताच नव्हता. हे दोन्ही दाब टीआर४ ट्रान्झिस्टर आणि त्याजवळच्या छोट्या कॉइलच्या मंडलातून तयार होतात.

टीआर४ जळालेला होता. तो लगेच बदलला असता तर नवाही गेला असता, कारण बारा व्होल्टची वाहिनी जमिनीशी (ग्राउंडशी) जवळजवळ शॉर्ट दाखवत होती. एकेका चिपेचा आठवा पाय सोडवत गेल्यावर दोषी चिप सापडली. तिच्या जागी सॉकेट बसवून नवी चिप लावली, मग टीआर४ आणि जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले. अडॅप्टरही तपासला, स्पेक्ट्रमच्या नऊ व्होल्टच्या अडॅप्टरच्या प्लगमध्ये मधला भाग ऋण असतो, बाजारातले बहुतेक उलटे असतात.

पडद्यावर सिंक्लेअरची स्वामित्वहक्काची ओळ उमटली. कळफलकाच्या आतल्या पातळ पडद्याच्या (मेम्ब्रेनच्या) पट्ट्या मात्र ठिसूळ होऊन तुटल्या होत्या, त्यामुळे नवा मेम्ब्रेन घालून बोर्ड १९८४ च्या स्पेक्ट्रम प्लसच्या कठीण कळांच्या पेटीत बसवला.