पाच एकरांची रेघ

२००८ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली तेव्हा मी नववीत होते. काटोलकडे आमची सात एकर, मामाची साडेचार. मामाचं थकलेलं पीककर्ज पूर्ण माफ झालं. बाबांना बँकेत सांगितलं, ७५ टक्के भरा, मग २५ टक्के सुटतील. पूर्ण माफीची मर्यादा दोन हेक्टर, म्हणजे पाच एकरांच्या जरा आत. "दोन एकर जास्त हायेत हाच गुन्हा झाला काय आपला?" बाबा कितीतरी दिवस हेच म्हणत राहिले. कोरडवाहू सात एकरांत काय पिकतं, हे विदर्भात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

नागपुरात एम.कॉम. करून मी बँकिंग विषयात पीएचडीला नाव नोंदवलं. पहिले सहा महिने वाचन केलं, पण चुकीचं. पेपरचा सारांश वाचायचा, निष्कर्ष वहीत उतरवायचा, पुढचा पेपर उघडायचा. पहिल्याच सादरीकरणात मी म्हणाले, "माफी मिळालेले शेतकरी नंतर जास्त अडचणीत आले." मागच्या बाकावरून एका सरांनी विचारलं, "कोणापेक्षा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माफी मिळते थकलेल्यांनाच. मग त्यांची अडचण माफीमुळे आली की आधीपासूनच होती?

नव्याने या विषयात येणाऱ्यांनी हा एक प्रश्न घट्ट धरावा असं मला मनापासून वाटतं. गेल्या दोन-तीन दशकांतलं वित्तविषयक संशोधन बरंचसं याच प्रश्नाभोवती फिरतं. त्याच २००८ च्या माफीवर अर्थतज्ज्ञ मार्टिन कान्झ यांचा २०१६ चा पेपर आहे. त्यांनी दोन हेक्टरांच्या रेघेच्या अगदी अलीकडचे आणि अगदी पलीकडचे शेतकरी घेतले. पावणेपाच एकरवाला आणि सव्वापाच एकरवाला यांच्या आयुष्यात तसा फरक नसतो. एकाला पूर्ण माफी आणि दुसऱ्याला नाही, एवढाच फरक. शिवाय जमीन कर्ज घेतानाच बँकेत नोंदलेली, त्यामुळे घोषणा ऐकून कोणी रेघ ओलांडू शकत नव्हतं. निष्कर्ष असा की माफीने डोक्यावरचं कर्ज उतरलं, पण शेतीतली गुंतवणूक वाढली नाही. लोक उलट बँकेबाहेरच्या उधारीकडे वळले. ते वाचून मी मामाला फोन केला. तो म्हणाला, "बँकेची पायरी चढायची हिंमतच नाही झाली, कृषी केंद्रातूनच उधार आणलं बियाणं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मात्र कान्झ यांची पाहणी गुजरातेतली होती, आणि एका मामाच्या फोनने विदर्भाचं काही सिद्ध होत नाही, हेही मी वहीत लिहून ठेवलं.

दुसरा पेपर असीम ख्वाजा आणि आतिफ मियां या अर्थतज्ज्ञांचा, २००८ चा. तो वाचल्याशिवाय कंपन्यांच्या कर्जावरचं पुढचं काही नीट कळत नाही. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर पाकिस्तानात डॉलरच्या ठेवी गोठवल्या गेल्या, म्हणजे त्या डॉलरमध्ये काढता येईनात. लोक त्या रुपयांत काढून घेऊ लागले. ज्या बँकांकडे अशा ठेवी जास्त, त्यांना चणचण जास्त. कर्ज घटलं ते बँकेकडे पैसा नव्हता म्हणून, की कंपनीलाच नको होतं म्हणून? यासाठी त्यांनी दोन बँकांकडून कर्ज घेणारी एकच कंपनी पाहिली. कंपनी तीच, गरज तीच, तरी एक बँक हात आखडते आणि दुसरी तेवढा आखडत नाही. ज्या बँकेचा निधी १ टक्का जास्त घटला तिचं कर्ज ०.६ टक्के जास्त घटलं. मोठ्या, ओळखीपाळखीच्या कंपन्यांनी दुसरीकडून भागवलं. लहान कंपन्यांना ते जमलं नाही. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या कोणत्याही व्यापाऱ्याला हे लगेच पटेल.

वाचताना आधी प्रश्न वाचा, मग तुलना कोणाची कोणाशी ते कागदावर आपल्या शब्दांत मराठीत लिहा, निकालाचे तक्ते त्यानंतर. मराठीत लिहिता आलं नाही तर समजलेलं नाही. पेपरसाठी पैसे मोजू नका, बहुतेक लेखकांचे मसुदे फुकट मिळतात. अर्थमितीचा, म्हणजे आकड्यांवरून आर्थिक प्रश्न तपासण्याच्या पद्धतींचा, पाया मात्र पक्का हवा. जिल्हावार ठेवी आणि कर्जांचे आकडे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहेत. त्यांतला आपला जिल्हा उघडून पहिला आलेख काढा. कंपन्यांच्या ताळेबंदांसाठी लागणारी प्रोवेस ही माहितीची संगणकीय नोंद महाग आहे, आधी ग्रंथालयात विचारा.

सध्या मी २०१७ च्या राज्याच्या कर्जमाफीवर अडले आहे. तिथे रेघ जमिनीची नव्हती, दीड लाख रुपयांची होती. त्यावरची रक्कम शेतकऱ्याने भरली तर दीड लाख माफ. म्हणजे ज्याच्याकडे पैसे होते तो पलीकडून अलीकडे येऊ शकत होता, आणि मग रेघेच्या दोन्ही बाजूंचे शेतकरी सारखे राहत नाहीत. कान्झ यांची पद्धत इथे जशीच्या तशी लावता येत नाही. वरची रक्कम कोण भरू शकलं आणि ती कुठून आणली, हे आधी शोधायला हवं. त्यासाठी पुढच्या आठवड्यात काटोल आणि नरखेडच्या शाखांमध्ये जाते आहे. बाबा सोबत येतो म्हणालेत.