साइटवर नवीन आलात ना राजेहो? मग या चुका टाळा

दरवर्षी जून-जुलैत डिग्री-डिप्लोमा झालेली सिव्हिलची पोरं साइटवर येतात आणि दरवर्षी त्याच त्या चुका. पोरं हुशार असतात, पण इंजिनियर म्हणजे लॅपटॉपवर ड्रॉइंग काढणारा माणूस असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथं अर्धं काम म्हणजे मोजणं, लिहून ठेवणं आणि वेळेवर "नाही" म्हणणं.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायची पक्की खूण, कुठंही धरला की. यवतमाळकडच्या एका गावात सांडपाण्याच्या नालीचं काम होतं, उतार पाचशेला एक, म्हणजे 50 मीटरला फक्त 10 सेंटिमीटर. नव्या पोरानं लेव्हलसाठी लाकडी खुंटी ठोकली, ती पण वावराच्या धुऱ्यावर, भर काळ्या मातीत. वरची अर्धी नाली मे महिन्यात झाली, मग बिल अडकलं, पाऊस लागला, आणि ऑगस्टात उघडीप मिळाली तशी खालची अर्धी त्याच खुंटीवरून घेतली. पाणी सोडलं तर जोडाच्या मागं वीसेक मीटर डबकं! पोरगा म्हणे ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं मशीन, खराब आहे. शाळेच्या जोत्यावर जुनी खूण होती, तिच्यावरून परत लेव्हल घेतली तर मशीन ठणठणीत, खुंटीच चार सेंटिमीटर वर आलेली, म्हणून खालची नालीही तेवढीच वर. मिस्त्री बाजूला उभा होता, तो म्हणाला, "साहेब, हे जमीन उन्हाळ्यात फाटते न बरसातीत फुगते, खुंटी कायले एका जागी राहीन?"

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं, हे या पोरानं परीक्षेत लिहून मार्क घेतले असणार. साइटवर मात्र आठवलं मिस्त्रीला.

माझी सवय सांगतो. खूण नेहमी जुन्या पक्क्या बांधकामावर, शाळेचं जोतं किंवा पुलाचा कठडा, आणि एक नाही, लांब लांब दोन. सकाळी काम सुरू करायच्या आधी एकीवरून दुसरी तपासायची, संध्याकाळी शेवटचं रीडिंग परत पहिल्या खुणेवर आणून बंद करायचं, म्हणजे तिची उंची तीच येते का ते पाहायचं. वेळ जातो, जाऊ द्या. नाली फोडण्यात जास्त जातो.

पायव्याचंही तेच. मुरूम लागला नाही तर काळ्या मातीतच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, टाकून मोकळं व्हायचं नाही, आधी डिझाइनवाल्याला फोन.

दुसरी चूक पाण्याची, आणि ती दोन्हीकडून होते. माल घट्ट वाटला की मिक्सरमध्ये पाइप सोडतात. एम 20 ग्रेडच्या आरसीसीला, म्हणजे सळईच्या काँक्रीटला, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त 0.55, म्हणजे 50 किलोच्या गोणीला साडेसत्तावीस लिटर, त्यात ओल्या रेतीतलं पाणीही आलं. मजूर म्हणतो "साहेब, माल सरकत नाही", आणि साहेब मान डोलावतो. आणि स्लॅब झाल्यावर जिथं पाणी पाहिजे तिथं मारत नाहीत! काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456:2000 साध्या ओपीसी सिमेंटला किमान 7 दिवस पाणी म्हणतं, पण कोरड्या गरम हवेत किमान 10, आणि पीपीसीला, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला, 10 सांगून पुढं 14 पर्यंत न्या म्हणतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, मग 7 दिवसांचा हिशोब कोणाच्या गावचा? सकाळी स्लॅब सगळ्यांचाच ओला दिसतो. मी दुपारी दोनला गोणपाट उचलून खाली हात लावतो.

सॉफ्टवेअरवर आंधळा विश्वास. महिनाभराचा कोर्स करून आलेला पोरगा स्टॅडचं, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं, उत्तर देवाचं वाक्य समजतो. 4 मीटरचा साधा टेकलेला बीम, मीटरला 20 किलोन्यूटन लोड, डब्ल्यूएल स्क्वेअर (लोड गुणिले लांबीचा वर्ग) भागिले आठ, मोमेंट, म्हणजे बीमला वाकवणारा जोर, 40 किलोन्यूटन-मीटर. स्क्रीनवर 400 दिसलं तर युनिट चुकलंय एवढं तरी तोंडी यायला पाहिजे. कोर्स करा, पण आधी हातानं करून पाहा.

बाकी बारीकसारीक: जुन्या रिव्हिजनच्या ड्रॉइंगवर सळई बांधू नका. सळईखाली ठेवायच्या कव्हर ब्लॉकच्या जागी गिट्टी चालवू नका, ती सरकते. स्टाफ, म्हणजे लेव्हलची उभी मोजपट्टी, तिरपी धरली की रीडिंग जास्त येतं, धरणाऱ्याला ओरडण्याआधी एकदा स्वतः धरून पाहा.

आणि ठेकेदार "नंतर पाहू" म्हणाला की साइट ऑर्डर बुकात तेव्हाच लिहा, तारीख टाकून, त्याची सही घेऊन. सही द्यायला तो टाळाटाळ करत असेल तर काँक्रीटची गाडी बोलावू नका.