अंतर्गत अनुनादाचा घोळ पाच मिनिटांत पकडा

बंद धातूच्या वस्तूवरचं विद्युतचुंबकीय लहरींचं स्कॅटरिंग (विखुरणं) ईएफआयईने (विद्युतक्षेत्राच्या इंटिग्रल समीकरणाने) सोडवताना एखाद्याच फ्रिक्वेन्सीला पृष्ठभागावरचे प्रवाह वेडेवाकडे येतात आणि आपण मेश (पृष्ठभागाची त्रिकोणांत केलेली विभागणी) बारीक करत बसतो. दोष बहुधा मेशचा नसतो, आतल्या पोकळीच्या अनुनादाचा (रेझोनन्सचा) असतो. गंमत म्हणजे आरसीएस (रडार क्रॉस सेक्शन, म्हणजे वस्तू रडारला किती मोठी दिसते ते माप) तेव्हाही बऱ्यापैकी बरोबर दिसतो, कारण हे खोटे प्रवाह बाहेर क्षेत्र सोडतच नाहीत. आत मात्र सोडतात. म्हणून आत डोकवा:

१. वस्तूच्या आत, पृष्ठभागापासून दोन-तीन त्रिकोण दूर, चार-पाच बिंदू घ्या.
२. मिळालेल्या प्रवाहांवरून तिथलं विद्युतक्षेत्र काढा आणि त्यात आपाती (बाहेरून येणाऱ्या लहरीचं) क्षेत्र मिळवा.
३. बेरीज शून्याजवळ हवी. शेजारच्या फ्रिक्वेन्सींना ती नगण्य आणि इथेच एकदम वर गेली, तर अनुनाद समजा.
४. मेश तसाच ठेवून सीएफआयई (ईएफआयई आणि चुंबकीय क्षेत्राचं इंटिग्रल समीकरण यांचं मिश्रण) लावा. दोन्ही समीकरणांना सारखं वजन देऊन सुरुवात करायला हरकत नाही.

आधी गोलावर हात बसवून घ्या. तरंगसंख्या (२π भागिले तरंगलांबी) गुणिले त्रिज्या २.७४४ आणि ४.४९३ झाली की अनुनाद येतो. फक्त केंद्रबिंदू तपासू नका. ४.४९३ ला त्या मोडचं (अनुनादात आत तयार होणाऱ्या क्षेत्राच्या नमुन्याचं) विद्युतक्षेत्र नेमकं केंद्रातच शून्य असतं, आणि चाचणी खुशाल पास होते! (मी यात फसलोय.)

सपाट पत्र्यासारख्या उघड्या पृष्ठभागाला ही युक्ती लागू नाही, सीएफआयईही नाही. तिथे ‘आत’ असं काही नसतंच.