द ब्लू हार्ट्स ऐकायला सुरुवात कुठून करायची?

जपानी रॉक म्हटलं की सगळे नवीन बँड सांगतात, पण खरा जीव ओतून गाणारे ऐकायचे असतील तर द ब्लू हार्ट्स ऐका, १९८५ ला सुरू झालेला आणि १९९५ ला संपलेला पंक (म्हणजे साधं, वेगवान, जोरकस रॉक) बँड. पहिलं गाणं 'लिंडा लिंडा' (१९८७), सुरुवात एकदम हळू, गायक कोमोतो हिरोतो गटारातल्या उंदराच्या सुंदरतेबद्दल शांतपणे गातो आणि मग धाडकन सगळा बँड सुटतो, त्यामुळे सुरुवातीला आवाज वाढवून ठेवू नका, कान जातील. मग 'ट्रेन-ट्रेन', याची सुरुवात पियानोवर आहे, स्किप करायची नाही हां. त्यानंतर 'जोनेत्सू नो बारा' (१९९०), यात मेन कोरस थेट शेवटी येतो म्हणून पूर्ण ऐकायचं, अर्ध्यात सोडलंत तर काहीच कळणार नाही, माझ्या मते हेच त्यांचं बेस्ट. दमलात की 'आओझोरा' लावा, बँडचा गिटारिस्ट मशिमा मासातोशीनं लिहिलेलं संथ गाणं. जपानी येत नसलं तरी चालतं, आधी तसंच ऐका, लिरिक्सचा अर्थ दुसऱ्यांदा ऐकताना बघा. आवडलं तर १९८७ चा पहिला अल्बम सलग लावा, शफल बंद करून.