शोकात्म खलनायक लिहिताना या चुका टाळा

ऐरोलीतील आमच्या सोसायटीच्या ऑफिसात रविवारी दुपारी चार-पाच जण लॅपटॉप घेऊन जमतात. रबाळे-महापे पट्ट्यातील कंपन्यांत आठवडाभर नोकरी करून उरलेल्या वेळात स्वतःचे छोटे गेम तयार करणारी ही मंडळी आहेत आणि त्यांच्या कथा व संवाद वाचून देण्याचे काम माझ्याकडे आहे. माझ्यासमोर आलेल्या फॅन्टसी गेमच्या बहुतेक आराखड्यांत खलनायक ‘ट्रॅजिक’ असल्याचे पहिल्याच पानावर लिहिलेले असते. प्रत्यक्ष खेळताना मात्र त्याच्याविषयी कुणालाच फारसे काही वाटत नाही. असे का होते आणि ते दुरुस्त कसे करावे, हे अनुभवातून जेवढे उमगले तेवढे येथे मांडते. ओघात काही गेमचे कथानक उघड होईल, त्याला इलाज नाही.

दुःख भरपूर, निर्णय एकही नाही

सर्वांत जास्त वेळा आढळणारी आणि सर्वांत खोलवर जाणारी चूक ही आहे. खलनायकाचे गाव जळते, आई मरते, गुरू दगा देतो आणि पुढच्याच दृश्यात तो काळे चिलखत चढवून राज्य बेचिराख करायला निघतो. या दोन दृश्यांच्या मध्ये त्याने काय निवडले, काय नाकारले, कोणाचा शब्द मोडला, हे कुठेच येत नाही. शोकांतिकेच्या नायकाचा ऱ्हास त्याच्या हातून घडलेल्या प्रमादातून व्हावा, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे आणि गेमसाठीही ते तंतोतंत लागू पडते. नुसता दैवाने मारलेला माणूस केविलवाणा वाटतो; त्याची शोकांतिका व्हायची तर घसरणीच्या वाटेवर एक तरी पाऊल त्याने डोळे उघडे ठेवून टाकलेले असावे लागते.

आपल्याकडे ही चूक बहुधा कर्णाच्या प्रेमापोटी होते. कर्णावर झालेला अन्याय आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे, की नवा लेखक त्याच्यावरून पात्र बेतताना नदीत सोडलेली पेटी, सूतपुत्र म्हणून झालेली हेटाळणी आणि रुतलेले चाक एवढेच उचलतो, आणि द्यूतसभेत द्रौपदीविषयी जे शब्द कर्णाच्या तोंडून निघाले ते सोयीस्करपणे विसरतो. खरे तर त्या शब्दांमुळेच कर्ण आपल्याला अस्वस्थ करतो. अश्वत्थाम्याचेही तसेच आहे. बापाला कपटाने मारल्याचा त्याचा संताप रास्त आहे, पण रात्रीच्या अंधारात झोपलेल्यांवर शस्त्र चालवण्याचा निर्णय सर्वस्वी त्याचा आहे, आणि म्हणूनच कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा लोकांच्या मनातून जात नाही.

गेममध्ये हा निर्णय कसा दाखवावा, याचा उत्तम धडा 2002 सालच्या ‘वॉरक्राफ्ट 3’ मध्ये आहे. राजपुत्र आर्थस स्ट्रॅथहोम शहरात पोहोचतो तेव्हा रोगट धान्य घरोघर गेलेले असते आणि ते खाल्लेली माणसे लवकरच मृतांच्या सैन्यात सामील होणार असतात. तो सगळे शहर कापून काढण्याचा हुकूम देतो; त्याचा गुरू उथर नकार देतो, त्याची मैत्रीण जेना पाठ फिरवून निघून जाते. यानंतर कटसीनमध्ये, म्हणजे खेळाडूने फक्त बघायच्या चित्रफितीत, कत्तल दाखवून मोकळे होता आले असते. त्याऐवजी ती मोहीम खेळाडूकडूनच पार पाडून घेतली जाते, आणि वर मॅल्गॅनिस या राक्षसाशी चढाओढ लावली जाते, की शंभराचा आकडा आधी कोण गाठतो. खेळाडू घरे फोडतो, माणसे बाहेर येतात, आणि जिंकण्याच्या भरात आपण नेमके काय मोजत आहोत, हे त्याच्या थोडे उशिरा लक्षात येते. आर्थसने पुढे स्वतःच्याच सैन्याची परतीची जहाजे जाळली आणि त्याचा दोष भाडोत्री सैनिकांवर ढकलला, तेव्हा तो बदलला कसा, हे सांगायला निवेदकाची गरज उरली नाही.

तपासायची रीत सोपी आहे. आराखड्यातून खलनायकाच्या आयुष्यातील सगळे अपघात खोडून टाकावेत आणि त्याने स्वतः केलेल्या गोष्टी तेवढ्या ठेवाव्यात. उरलेल्या पानावर काहीच शिल्लक राहत नसेल, तर पात्र अजून लिहिलेलेच नाही असे समजावे.

पूर्वकथा अगदी शेवटी सांगणे

अंतिम लढाईच्या तोंडावर तीन-चार मिनिटांचा फ्लॅशबॅक लावण्याची सवय फार पसरलेली आहे. आमच्या गटातील एका गेममध्ये बंधाऱ्याचा रखवालदार असलेला एक मांत्रिक खलनायक होता. राजधानी वाचवण्यासाठी त्याने एकदा मोरीचे दार उघडले आणि खालचे गाव बुडवले. पुढे त्याच हिशेबाने तो एकेक गाव बुडवत गेला. कल्पना मला मनापासून आवडली होती. चाचणीच्या दिवशी घणसोलीहून आलेल्या मुलीने मात्र तो फ्लॅशबॅक सुरू होताच स्किपचे बटण दाबून धरले, आणि तिचे काहीच चुकले नाही, कारण ज्याची आणि तिची पाच तासांत एकदाही गाठ पडली नव्हती त्याचे दुःख ऐकून घेण्याचे तिला काही कारणच नव्हते.

खेळाडू शेवटच्या संवादाला हसला किंवा त्याने तो टाळला, तर लेखक त्या संवादावर आठवडे घालवतो. दुरुस्ती तेथे नसतेच. ती पहिल्या तासात असते. खलनायक खलनायक होण्याआधी, किंवा निदान तसा दिसण्याआधी, खेळाडूने त्याच्यासोबत काहीतरी केलेले असावे.

बरोबर मुद्द्याची भीती

खलनायकाचे म्हणणे पटण्याजोगे झाले, की काही लेखक घाबरतात आणि त्याच्या हातून एखाद्या पोराची विनाकारण हत्या घडवतात, म्हणजे खेळाडूला तलवार उचलायला संकोच वाटू नये. तो संकोच हीच आपली कमाई असते. ती उधळू नये. याच्या उलट, मरता मरता दोन वाक्यांत पश्चात्ताप करवून सर्व हिशेब मिटवणे हेही तितकेच घातक आहे.

लढाई जणू दुसऱ्याच गेममधली

कथेत खचलेला माणूस बॉस फाइटमध्ये, म्हणजे मुख्य शत्रूशी होणाऱ्या मोठ्या लढतीत, इतर कोणत्याही राक्षसासारखाच आगीचे गोळे फेकू लागला, तर आधीचे सगळे लिखाण वाया जाते. 2011 सालच्या ‘डार्क सोल्स’ मध्ये सिफ नावाचा महाकाय लांडगा आपल्या धन्याची समाधी राखतो. लढता लढता त्याची ताकद संपत आली, की तो लंगडू लागतो आणि तोंडात धरलेल्या तलवारीचा वार करताना स्वतःच कोलमडतो. त्या क्षणी एकही शब्द उच्चारला जात नाही. त्याच गेममध्ये एकेकाळचा देवाधिदेव ग्विन शेवटी समोर येतो, तेव्हा रणवाद्यांऐवजी पियानोचे हळुवार स्वर वाजत असतात. ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’ मध्ये (2005) तर सोळा महाकाय जीव एकामागून एक मारताना खेळाडूच्याच पात्राचा चेहरा निस्तेज होत जातो. हालचाल, आवाज, शरीर ही गेमची खरी भाषा आहे, आणि आपले मराठी लेखक नाटकाच्या संस्कारामुळे संवादावर इतके विसंबतात की ती भाषा वापरायची राहूनच जाते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

बंधाऱ्याच्या गेममध्ये आम्ही नेमकी हीच दुरुस्ती केली. फ्लॅशबॅक काढून टाकला. पहिल्याच लेव्हलमध्ये रखवालदार खेळाडूला मोरीचे दार उघडायला शिकवतो: तो चाक दोनदा फिरवून थांबतो, मग खेळाडूने फळी उचलायची. पाणी पाटाला लागते, शेते भिजतात, तो कपाळावरचा घाम पुसून पुढच्या मोरीकडे चालू लागतो. असे चार वेळा घडते. अंतिम लढाईत जखमी झालेला तो त्याच चाकापाशी जातो, दोनदा फिरवतो आणि थांबतो.

त्याच मुलीला आम्ही पुन्हा खेळायला बसवले. चाक थांबताच तिच्या अंगठ्याने सवयीने फळी उचलण्याचे बटण दाबले आणि पाणी खालच्या गावाकडे सुटले. तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि ती हलकेच म्हणाली, “ताई, मीच उघडले की हो.” त्यानंतर पडद्यावर रखवालदाराची तीन वाक्ये येतात. ती आता काढून टाकायची आहेत.